फरी गेम बनवून पोट भरतं का? बडोद्याहून काही उत्तरं

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि एकटीने कम्प्युटर गेम बनवते. त्यातली पात्रं प्राणी असतात: शर्ट घालणारे, भाडं थकवणारे, एकमेकांवर रुसणारे. आत्यापासून फाइन आर्ट्सच्या मुलांपर्यंत सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. क्रम लावलेला नाही.

फरी म्हणजे नक्की काय?

माणसासारखे वागणारे-बोलणारे प्राणी ज्यांना मनापासून आवडतात, अशा लोकांचा जगभर पसरलेला समुदाय. कुणी चित्रं काढतं, कुणी गोष्टी लिहितं, कुणी कपडे शिवतं, बरेच जण नुसते बघतात आणि विकत घेतात. अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या संमेलनांत १९८० च्या दशकात ही मंडळी एकमेकांना सापडली. १९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे त्यांचं पहिलं स्वतंत्र संमेलन, कॉनफ्युरन्स, झालं. शंभरसुद्धा माणसं नव्हती. आज शिकागोजवळ रोझमाँटला भरणाऱ्या मिडवेस्ट फरफेस्टला दहा हजारांच्या वर लोक येतात. पिट्सबर्गला ॲन्थ्रोकॉन असतं, जर्मनीत १९९५ पासून युरोफ्युरन्स आहे, जपानमध्ये टोयोहाशीला एक मोठं संमेलन भरतं.

बहुतेकांचं स्वतःचं एक प्राणीरूप ठरलेलं असतं, त्याला फर्सोना म्हणतात. आपल्याकडे कोल्ह्यांनी दरबारात कानभरणी करायला सुरुवात करून शतकं लोटली, तेव्हा मराठी माणसाला यात एवढं दचकण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

म्हणजे तुम्ही तो केसाळ पोशाख घालून फिरता?

नाही. बडोद्याच्या मे महिन्यात मी ओढणीसुद्धा टाळते. तो पोशाख, म्हणजे फरसूट, हाताने शिवतात आणि पूर्ण सूटची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते. बहुतेक फरींकडे तो नसतोच. फोटो मात्र त्याचेच छापून येतात.

पण हे सगळं अश्लील असतं ना?

आत्याचा प्रश्न, आणि सरळ उत्तर द्यायला हवं असा. समुदायात प्रौढांसाठीचं काम होतं, भरपूर होतं, आणि त्याचा ग्राहक पैसे मोजायला कचरत नाही. लहानथोर सगळ्यांना चालेल असं कामही तितकंच होतं. मी दुसऱ्या प्रकारचं करते. आवड-निवड हे एक कारण झालं, पण भारतात राहून धंदा करणाऱ्याने आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, कायदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ आणि ६७अ इंटरनेटवर अश्लील आणि लैंगिक मजकूर प्रसिद्ध करण्याबद्दल आहेत. ६७अ खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी मित्र 'सगळे करतात' म्हणतात, त्यांना हे कलम लागू नाही.

दुसरी, पैशाची नळी. २०२५ च्या जुलैमध्ये कार्ड आणि पेमेंट कंपन्यांच्या दबावामुळे स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने आपले नियम कडक करून काही प्रौढ गेम काढून टाकले. त्याच महिन्यात इच डॉट आयओ (पुढे नुसतं इच) या छोट्या गेमच्या दुकानाने प्रौढ मजकूर असलेले सगळे गेम शोध आणि याद्यांमधून एका झटक्यात बाहेर काढले. ज्यांचं घर त्यावर चालत होतं त्यांना आगाऊ सूचनासुद्धा मिळाली नाही. मला प्रौढ गेम करणारी मंडळी चूक वाटत नाहीत, पण ज्या दुकानाची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात आहे, त्यात मी सगळी पुंजी घालणार नाही.

या वाटेने जाऊन कुणी नाव काढलंय का?

हो. १९९६ मध्ये फर्केडिया नावाचं ऑनलाइन जग सुरू झालं. त्यात लोक मांजर, कोल्हा, ससा होऊन गप्पा मारायचे आणि स्वतःची गावं बांधायचे. २००५ मध्ये डेव्हिड रोझेनने लुगारू काढला, कुंग-फू मारामारी करणाऱ्या सशाचा. त्याच्याच वुल्फायर कंपनीतून पुढे २०१० मध्ये हंबल बंडल निघालं: अनेक छोट्या गेमचा एक गठ्ठा, 'वाटेल ती किंमत द्या' म्हणून. छोट्या गेमवाल्यांना त्या बंडलने किती हात दिला ते जुन्या माणसांना विचारा.

एकट्याने काम करणाऱ्याने अभ्यासावं असं उदाहरण म्हणजे २०१२ चा डस्ट: ॲन एलिजियन टेल. डीन डॉड्रिल मुळात चित्रकार, प्रोग्रॅमिंग स्वतःच शिकला. संगीत, आवाज आणि कथेतली थोडी मदत सोडली तर चित्रं, ॲनिमेशन, कोड सगळं त्याचं. तीन महिन्यांत उरकेल असा त्याचा अंदाज होता, लागली तीन वर्षांच्या वर. तुमचा अंदाजही याच जातीचा असणार आहे.

नाइट इन द वुड्स २०१७ मध्ये आला. नोकरी नसलेल्या गावात परतलेली एक मांजर, बस. २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५० हजार डॉलर मागितले होते, दोन लाखांच्या वर जमले. तो 'फरींसाठी' म्हणून विकला गेला नव्हता, तरी फरींनी डोक्यावर घेतला. यावरून धडा घ्यायचा तर एवढाच, की मांजर चांगली लिहिली की कुणासाठी आहे हे सांगावं लागत नाही.

खरं सांगा, एका गेमवर घर चालतं?

माझं चालत नाही. गेम हे उत्पन्नाचं एक अंग आहे, तेही लंगडं. प्रकाशनाच्या आठवड्यात पैसा येतो, मग ओघ आटतो, सेल लागला की पुन्हा थोडा येतो. मधले महिने कमिशन भरून काढतात.

कमिशन म्हणजे लोकांच्या फर्सोनाची चित्रं मागणीनुसार काढून देणं. आयकॉन, अर्धं चित्र, पूर्ण चित्र, आणि सगळ्यांत चांगला पैसा देणारं रेफरन्स शीट: पात्र पुढून, मागून, बाजूने, रंगांच्या नमुन्यासकट, म्हणजे पुढच्या चित्रकाराला विचारावं लागू नये. टेलिग्रामचे स्टिकर हाही चालणारा माल आहे, कारण ही मंडळी टेलिग्रामवर पडीक असतात. काही जण स्वतः कल्पून काढलेली पात्रंच विकतात, त्यांना ॲडॉप्टेबल म्हणतात. घेणारा त्या पात्राचा मालक होतो.

कमिशनला 'गेमच्या कामातला व्यत्यय' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तिथेच तुमचे ग्राहक तयार होतात. ज्याच्या लांडग्याचं चित्र तुम्ही मन लावून काढलंत, तो तुमचा गेम पहिल्या दिवशी घेतो, मित्रांना घ्यायला लावतो, आणि चूक सापडली तर परतावा मागायच्या आधी तुम्हाला निरोप पाठवतो. इथे माणूस आधी पात्रावर जीव लावतो, गेम नंतर बघतो. बाहेरून 'फरी मार्केट' म्हणून येणाऱ्यांना हेच कळत नाही. चार कोल्हे टाकून गेम ढकलतात आणि मग कुणी विचारत नाही म्हणून रडतात.

दोन गोष्टी मात्र पाळा. निम्मे पैसे आधी घ्या, आणि हाताशी किती कामं आहेत ते उघड लिहा. उशीर चालतो. गप्प बसणं चालत नाही, त्याने नाव जातं, आणि फरींच्या या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात.

मग सुरुवात कुठून करायची?

पात्रापासून. इंजिन (गेम ज्यात बनवतात ते सॉफ्टवेअर), स्टुडिओचं नाव, लोगो, सगळं नंतर. एक पात्र घ्या आणि त्याचं जगणं माहीत होईपर्यंत काढत राहा. मग त्या पात्राचा अर्ध्या तासात संपणारा गेम करा, इचवर फुकट टाका आणि लोक त्याची चित्रं काढतात का ते पाहा. अनोळखी माणसाने तुमच्या पात्राचं चित्र आपणहून काढलं तर मोठा गेम करायला हरकत नाही. कुणीच काढलं नाही, तर पात्र बदला.

तुमच्या गेममध्ये मगरच का?

बडोदेकराने हे विचारू नये! विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या, वन खात्याची माणसं दोऱ्या घेऊन फिरत होती. माझी नायिका घरोघरी विजेचा मीटर वाचायला जाणारी मगर आहे. कुणी दार उघडत नाही, आणि रीडिंग तर घ्यायचंच आहे. सगळा गेम एवढ्यावरच आहे.

लांडगे, कोल्हे, मांजरं आणि कुत्रे यांची इथे जत्रा आहे. खवल्यांच्या प्राण्यांचे चाहते कमी, त्यांना स्केली म्हणतात, पण त्यांच्यासाठी गेम फार थोडे बनतात, म्हणून ते घट्ट धरून राहतात. आणि त्यांची नजर बारीक असते. मगरीने तोंड मिटलं तरी खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेरून दिसतो, ॲलिगेटरचा दिसत नाही. हा दात चुकला तर पहिल्या तासात निरोप येतो.

प्राणी-पात्रांचं तांत्रिक काम माणसांपेक्षा वेगळं असतं का?

बरंच. उदाहरणार्थ, संवादाच्या चौकटीत मांजराचा चेहरा छान बसतो. मगरीला समोरून काढलं की दोन डोळे आणि दोन नाकपुड्या एवढंच उरतं, बाजूने काढलं की जबडा चौकटीबाहेर. लहान केलं तर ती पाल दिसते. शेवटी मी तिला पाऊण कोनातून काढलं आणि जबडा चौकटीची कड ओलांडून मजकुराच्या जागेत येऊ दिला. ओळी त्याला वळसा घालून जातात. आता ती दर वेळी दुसऱ्याच्या बोलण्यात अक्षरशः तोंड घालते, आणि खेळणाऱ्यांना सगळ्यांत जास्त तेच आवडलं.

दुसरी भानगड शेपटीची. शेपटी धडाबरोबर हलली तर लाकडाची वाटते. मी ती ॲसप्राइट या पिक्सेल-चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या थरावर काढते आणि धडाच्या दोन फ्रेम मागे ठेवते. धड थांबलं तरी शेपटी आणखी एक झोका घेऊन थांबते. धडकेची चौकट, म्हणजे पात्राला काही लागलं की नाही हे ठरवणारी हद्द, मात्र फक्त धडाला. शेपटीला दगड लागून पात्र मेलं की खेळणारा चिडतो, आणि त्याचं बरोबर असतं, कारण तो शेपटीकडे बघून उडी मारत नाही. पायांचंही आधी ठरवा: माणसासारखे टाचेवर टेकणारे की कुत्र्यासारखे बोटांवर उभे? चालण्याचं सगळं ॲनिमेशन त्यावर अवलंबून आहे, निम्म्यात बदलता येत नाही.

निरीक्षणाला सयाजी बागेतलं प्राणिसंग्रहालय आहेच. सकाळी उघडताच जा. दुपारी मगरी इतक्या निश्चल पडलेल्या असतात की पुतळा काढल्यासारखं होतं.

कोणतं इंजिन वापरता?

गोडो. फुकट आहे, एमआयटी या खुल्या परवान्यावर आहे, उद्या कुणी मालक उठून अटी बदलणार नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं होतं, वर्षभराने रद्द केलं. त्या वर्षात अनेकांची झोप उडाली. नुसती संवादांची गोष्ट करायची असेल तर रेनपाय घ्या, फरी समुदायातल्या बऱ्याच कथा-गेम त्यातच बनल्या आहेत. चित्रांसाठी क्रिता फुकट आहे.

स्टीमवर टाकायला काय लागतं?

प्रत्येक गेममागे १०० डॉलर. विक्री १,००० डॉलरच्या पुढे गेली की ते परत मिळतात. पहिल्यांदा पैसे भरल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, आणि 'लवकरच येत आहे' हे पान किमान दोन आठवडे आधी उघडं ठेवावं लागतं. दोन आठवड्यांवर थांबू नका, कित्येक महिने आधी उघडा, विशलिस्ट, म्हणजे 'घ्यायचाय' म्हणून नोंद करणाऱ्यांची यादी, तिथेच साठते. नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमोंच्या जत्रेत प्रत्येक गेमला एकदाच भाग घेता येतो, म्हणून डेमो तयार नसताना तो घालवू नका. स्टीम ३० टक्के कापतं. एक कोटी डॉलरच्या वर विक्री गेली तर कपात २५ टक्क्यांवर येते, तेव्हा मला सेव उसळ खायला बोलवा.

परतावा: १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गिऱ्हाईक पैसे परत मागू शकतं. तुमचा गेम दीड तासाचा असेल तर हे पाठ करा.

इचवर किती टक्के द्यायचे ते तुम्ही ठरवता, काही न बदलल्यास १० टक्के. लहान गेम, डेमो आणि गेम जॅमसाठी (ठरावीक मुदतीत गेम बनवायचे मेळावे) इच, पोटासाठी स्टीम, असं मी धरते.

परदेशातून पैसे येतात कसे? टॅक्सचं काय?

स्टीम महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीस थेट बँकेत पाठवतं, पण किमान १०० डॉलर साठायला हवेत. सुरुवातीला डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरताना पॅन नंबर टाका आणि भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ मागा. नाही मागितला तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापले जातात, मागितला तर रॉयल्टीवर १५. तिकडे कापलेल्या कराचं क्रेडिट इथल्या रिटर्नमध्ये घेता येतं, त्याचा फॉर्म वेळेत भरला तर.

कमिशनचे पैसे बहुतेक पेपॅलने येतात. भारतातल्या भारतात पेपॅल २०२१ च्या एप्रिलपासून चालत नाही, परदेशातून मात्र येतं आणि दररोज आपोआप बँकेत जमा होतं. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांसाठी वर्षाला २० लाखांची उलाढाल. निर्यातीवर शून्य दर असला तरी कागद लागतात. सीए गाठा. माझ्या सीएंनी पहिल्या दिवशी इन्व्हॉइसवरचं 'लांडगा, पूर्ण चित्र, पार्श्वभूमीसह' वाचून चष्मा काढून पुसला होता, आता ते स्वतःच 'या महिन्यात किती लांडगे?' विचारतात.

किकस्टार्टर करावं का?

भारतात राहून प्रकल्प उघडता येत नाही. परदेशातल्या मित्राच्या नावावर करायचा विचार असेल तर त्याचा कर, तुमचा कर आणि तुमची मैत्री या तिन्हींचा हिशेब आधी करा. मी पेट्रिऑन चालवते, तिथे चाहते दर महिन्याला थोडे पैसे देतात.

सरकारने गेमवर बंदी घातली ना?

२०२५ च्या ऑगस्टमधला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध आहे. विकत घेऊन खेळायच्या गेमशी त्याचा संबंध नाही. मीटर वाचणाऱ्या मगरीवर कुणी पैज लावत नाही.

सोनिक किंवा दुसरं प्रसिद्ध पात्र घेऊन गेम केला तर?

सरावाला करा, विकायला नाही. फ्रीडम प्लॅनेट असाच सोनिकचा चाहता-गेम म्हणून सुरू झाला होता. पुढे त्याच्या कर्त्याने पात्रं स्वतःची केली, आणि २०१४ मध्ये तो राजरोस विक्रीला आला.

चित्रं एआयकडून काढून घेतली तर वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल, गिऱ्हाईक जाईल. फर अफिनिटी हे या समुदायाचं २००५ पासूनचं मोठं चित्र-संकेतस्थळ. त्यांनी २०२२ मध्येच एआयने बनवलेल्या चित्रांना मनाई केली. ज्या समुदायात निम्मे लोक चित्रकार आणि उरलेले त्यांचे ग्राहक, तिथे दुसरं काय होणार? स्टीमवरही २०२४ पासून एआय कुठे वापरलं ते लिहून द्यावं लागतं.

मुलगी म्हणते हेच करणार. आम्ही काय करावं?

काय बनवलंय ते आधी खेळून पहा. पूर्ण झालेली एक छोटी वस्तू असेल तर पोरगी गंभीर आहे, नुसती वहीभर योजना असेल तर अजून वेळ आहे. शिक्षण सोडू देऊ नका. आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये हाताला जे वळण लागतं ते यूट्यूबवर लागत नाही. गेमचंच शिकायचं तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आणि बडोद्याला हे नवं नाही: दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले होते, आणि पुढे ते जे करणार होते त्याला तेव्हा धंदा म्हणून नावसुद्धा नव्हतं.

मुलगी अठराच्या खालची असेल तर डिस्कॉर्ड आणि टेलिग्रामवर ती कोणत्या गटांत आहे ते माहीत असू द्या. चांगले गट वय विचारतात आणि मोठ्यांचे विभाग वेगळे ठेवतात. जे विचारत नाहीत तिथून तिला बाहेर काढा.

लग्नाच्या स्थळांना काय सांगता?

'सॉफ्टवेअर, निर्यात.' आई सांगते. खोटं नाही.

संमेलनात जाऊन टेबल लावायचंय, जमेल?

टेबलं अर्ज करून मिळतात आणि मागणी प्रचंड असते. पर्यटक व्हिसावर माल विकता येतो असं गृहीत धरू नका, ज्या त्या देशाचा नियम आधी वाचा. मला विचाराल तर तिकिटाच्या पैशात सहा महिने गेमवर काम करा.

तुमचा गेम मराठीत आहे का?

आहे, आणि त्याने जीव काढला. इंग्रजी अक्षरं आठ पिक्सेल उंचीत वाचता येतात. 'ज्ञ', 'क्ष', वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, हे आठ पिक्सेलांत म्हणजे डास चिरडल्यासारखं दिसतं. संवादाची चौकट मोठी करावी लागली, म्हणजे पडद्याची सगळी मांडणी बदलली. गोडोच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटायची, 'मित्र'ची वेलांटी भलतीकडे जायची. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये ते नीट होतं. मराठीतून खेळणारे थोडे आहेत. पण मगर दारावर टकटक करून 'मीटर बघायचाय हो काकू' म्हणते तिथे इंग्रजीतली मगर फिकी पडते, हे मजकूर इंग्रजी पण आवाज मराठी ठेवून खेळणाऱ्यांनीच मला लिहिलंय.

माझा फर्सोना तुमच्या गेममध्ये घ्याल का?

पेट्रिऑनच्या वरच्या पायरीवर असाल तर घेते, एका मजल्यावरचा भाडेकरू म्हणून. रेफरन्स शीट पाठवा, ते काढणाऱ्या चित्रकाराचं नाव कळवा, आणि पात्र तुमच्याच मालकीचं आहे असं लेखी द्या. दार उघडायचं की नाही हे तुम्ही ठरवा. आतापर्यंत सगळ्यांनी 'नाही' निवडलंय.